नकाराला कारण द्या

ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात पहिल्यांदा काही पाठवणाऱ्याची वाट साधारण अशी असते. वापरता वापरता एक बग सापडतो. समजा, फाइलच्या नावात दोन टिंबं आली की प्रोग्रॅम तिचा प्रकार चुकीचा ओळखतो. हा माणूस कोडमध्ये शिरतो, एक-दोन रात्री घालवून नेमकी ओळ शोधतो. नाव पहिल्या टिंबापाशी तोडलं जातंय, ते शेवटच्या टिंबापाशी तोडायला हवं, हे त्याच्या लक्षात येतं. तो बदल करतो, सोबत एक टेस्ट लिहितो आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे हा बदल मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती, पाठवतो. पाच मिनिटांत एक बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, येऊन करारावर सही मागतो. तीही होते. दुसरा बॉट सांगतो, टेस्ट नापास. नापास झालेल्या टेस्टचा या बदलाशी काही संबंध नसतो, कित्येक आठवडे ती सगळ्यांचीच नापास होत असते. मग शांतता. वाटेने जाणारा कुणी तरी ‘मलाही हाच त्रास होतोय’ असं लिहून जातो. काही महिन्यांनी तिसरा बॉट उगवतो: हालचाल नसल्यामुळे ही विनंती बंद करत आहोत.

यात नकार दिला कुणी? कुणीच नाही, आणि तरी तो मिळाला. एखादा प्रकल्प किती खुला आहे हे बहुतेक जण लायसन्स बघून ठरवतात. मी आणखी दोन गोष्टी बघतो. तिथे ‘नाही’ म्हणायचा अधिकार कुणाला आहे हे लिहून ठेवलंय का, आणि जो ‘नाही’ म्हणतो त्याच्यावर कारण सांगायचं बंधन आहे का. हे दोन्ही असेल तर एकाच माणसाच्या हुकमतीखालचा प्रकल्पही मला चालतो. हे दोन्ही नसेल, तर ‘आमच्याकडे सगळे मिळून ठरवतात’ या वाक्यावर माझा विश्वास बसत नाही.

लायसन्सकडून आपण नको तेवढी अपेक्षा ठेवतो. ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था १९९८ मध्ये उभी राहिली. तिच्या व्याख्येत १० निकष आहेत: कोड मिळाला पाहिजे, बदलता आला पाहिजे, पुढे वाटता आला पाहिजे, माणसामाणसांत किंवा वापरावापरांत भेदभाव नको, वगैरे. निर्णय कोण घेणार याबद्दल त्या १० निकषांत अवाक्षर नाही. असायचं कारणही नाही, कारण ती व्याख्या कोडची आहे, संस्थेची नाही. पण त्यामुळे असं होतं की एखादी कंपनी बंद दाराआड सगळं ठरवते, बाहेरच्या माणसाचा एक बदलही आत घेत नाही, आणि तरी तिचं सॉफ्टवेअर शंभर टक्के ओपन सोर्स असतं. लायसन्स तुम्हाला कोड घेऊन निघून जायचा हक्क देतं. आत थांबून बोलायचा हक्क त्यात नाही. तो वेगळा मिळवावा लागतो, आणि तो मिळतो प्रकल्पाच्या कारभारातून.

मेंटेनरची, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याची, बाजू आधी नीट मांडतो, कारण या वादात तिच्यावर नेहमी अन्याय होतो. आलेला प्रत्येक पॅच, म्हणजे कोडमधला सुचवलेला बदल, ही भेट असते असं बाहेरून वाटतं. आत बसलेल्याला माहीत असतं की ती पुढच्या दहा वर्षांची जबाबदारी आहे. पाठवणारा पाठवून मोकळा होतो. त्या कोडमधले बग, त्यावरचे प्रश्न, नव्या आवृत्तीत त्याने घातलेले अडथळे हे सगळं मेंटेनरच्या गळ्यात. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमात ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळणार होता. झालं काय, तर प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या रीडमी फाइलमध्ये एखादं विशेषण घुसडलेल्या, शीर्षकात एक शब्द वाढवलेल्या विनंत्यांचा पाऊस पडला. मेंटेनर इतके वैतागले की ज्या प्रकल्पांना भाग घ्यायचा आहे त्यांनीच आधी तसं सांगावं, असा नियम आयोजकांना महिना सुरू होताच करावा लागला. तेव्हा आलेलं सगळं घ्या असं मी म्हणत नाही. नकार हे मेंटेनरचं मुख्य काम आहे. लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आज ज्या दर्जाचा आहे तो त्यात काय घेतलं गेलं यामुळे जितका, तितकाच काय काय परत पाठवलं गेलं यामुळे आहे.

पण परत पाठवणं आणि वाऱ्यावर सोडणं यांत फरक आहे. चांगला नकार किती लहान असू शकतो ते बघा. ‘बदल बरोबर आहे, पण याने जुन्या आवृत्तीच्या सेटिंग फाइल वाचता येणार नाहीत. तो आधार आम्ही पुढच्या मोठ्या रिलीजमध्ये काढणार आहोत, तेव्हा हे घेता येईल. तोपर्यंत ही विनंती बंद करतो.’ तीन वाक्यं. लिहिणाऱ्याची दोन मिनिटं गेली. पण वाचणाऱ्याला कळलं की आपलं काम कुणी तरी उघडून पाहिलं, अडचण कुठे आहे, आणि पुन्हा कधी यायचं. हवं तर तो जुन्या फाइलींसाठी वेगळी वाट काढून परत येईल. वर्षभराने हाच बदल सुचलेला दुसरा कुणी ते वाचेल आणि त्याचे कष्ट वाचतील. शिवाय कारण एकदा उघड्यावर आलं की ते खोडूनही काढता येतं. ‘जुन्या फाइली तर मागच्याच रिलीजपासून आपोआप नव्या होतात’ असं कुणी दाखवून दिलं तर मेंटेनरला मत बदलायला जागा असते. गप्प राहिलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही, आणि त्याला मत बदलायची संधीही मिळत नाही.

हे माझ्या मनातलं आदर्श चित्र नाही. अनेक ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणारी अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था १९९९ पासून याच नियमावर चालते. तिथे कोडमधल्या बदलावर मत देताना ‘अधिक एक’ किंवा ‘उणे एक’ असं लिहितात. मत देण्याचा हक्क असलेल्या एकाही माणसाने ‘उणे एक’ दिलं तर बदल अडतो. एवढा मोठा अधिकार एकेका माणसाच्या हाती! पण त्याला एक अट जोडलेली आहे: सोबत तांत्रिक कारण द्यावं लागतं. कारण नसलेला व्हेटो ग्राह्यच धरत नाहीत. याची दुसरी बाजूही तिथे लिहिलेली आहे. एखाद्याने ‘मी अमुक करणार आहे’ असं जाहीर केलं आणि ठरलेल्या मुदतीत कुणी हरकत घेतली नाही, तर ती संमती समजायची. म्हणजे शांततेचा फायदा काम करणाऱ्याला मिळतो. सुरुवातीच्या उदाहरणात बॉटने बरोबर उलटं केलं होतं. तिथे सगळे गप्प बसले आणि काम करणाराच बाहेर गेला.

कारण द्यायचं म्हणजे समोरच्याला फाडून खायचं असं काही जणांना वाटतं. लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांच्या कर्नलवरच्या उत्तरांत कारणं भरपूर असायची आणि त्यांतली बरीच बिनतोड असायची, पण शिव्याशापही तितकेच असायचे. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली, काही काळ कामातून बाजूला झाले, आणि त्याच सुमारास कर्नलने नवी आचारसंहिता स्वीकारली. तेव्हा ‘आता कर्नलचा दर्जा घसरणार’ अशी ओरड झाली होती. नकार मिळणं थांबलं नाही. पॅच आजही परत जातात.

आता लिहून ठेवण्याबद्दल. याला सगळ्यात जोरदार विरोध चांगल्या, कामसू माणसांकडून होतो. ते म्हणतात, नियम, समित्या, मतदान ही सगळी सरकारी कार्यालयाची लक्षणं. आमच्याकडे जो काम करतो तो ठरवतो. यातला कामाबद्दलचा आदर मला पटतो. पण ‘जो काम करतो’ म्हणजे नेमकं कोण? सर्व्हरचा पासवर्ड कुणाकडे आहे, डोमेनचं नाव कुणाच्या खात्यावर आहे, रिलीजवर सही कुणाच्या किल्लीने होते, मुख्य माणूस जागा असतो त्या वेळात कोण जागं असतं, आणि पगाराच्या वेळेत हे काम करायची मुभा कुणाला आहे, यांवर ते ठरतं. सत्ता तिथेही असतेच, फक्त ती कुठे आहे हे नव्या माणसाला कळायला वर्ष लागतं. जुन्यांना ते कधी जाणवतही नाही, कारण त्यांना कुठलंही दार ठोठवावं लागत नाही. त्यापेक्षा कर्नलच्या कोडसोबत राहणारी ‘मेंटेनर्स’ नावाची साधी टेक्स्ट फाइल मला कितीतरी प्रामाणिक वाटते. कुठल्या फोल्डरमधला, कुठल्या ड्रायव्हरचा बदल कुणाकडे जायचा ते त्यात ओळीओळीने लिहिलेलं असतं. त्या फाइलमध्ये लोकशाही नाही. पण पॅच घेऊन आलेल्याला आपण कुणासमोर उभे आहोत हे ठाऊक असतं.

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेची गोष्ट इथे सांगायलाच हवी. गीदो फान रॉसम यांनी ही भाषा बनवली आणि दीर्घकाळ अंतिम शब्द त्यांचाच होता. ते कुणापासून लपवलेलं नव्हतं. त्यांना ‘तहहयात परोपकारी हुकूमशहा’ असंच कौतुकाने म्हणत. भाषेतल्या मोठ्या बदलांचे प्रस्ताव लिखित असत, नाकारलेले प्रस्तावही कारणांसकट जपून ठेवलेले असत. अधिकार एकवटलेला होता, पण आंधळा नव्हता. मग २०१८ मध्ये प्रस्ताव क्रमांक ५७२ आला. एखाद्या राशीच्या (एक्स्प्रेशनच्या) आतच व्हेरिएबलला किंमत द्यायची सोय, इतकीच बाब. त्यावरून इतकी कडवट भांडणं झाली की प्रस्ताव मंजूर केल्यावर जुलैमध्ये गीदो पायउतार झाले. एका प्रस्तावासाठी इतकं भांडून शेवटी आपल्या निर्णयाचा इतक्या लोकांना तिटकारा वाटावा, हे आता नको, असा त्यांच्या निरोपाचा सूर होता. वारस त्यांनी नेमला नाही. तुमचं तुम्ही ठरवा, म्हणाले.

त्यानंतरचे काही महिने मला त्या भांडणापेक्षा महत्त्वाचे वाटतात. जगभर वापरात असलेल्या भाषेला निर्णय घेणारं कुणी नव्हतं, आणि निर्णय कसा घ्यायचा याचा निर्णय कसा घ्यायचा हेही कुठे लिहिलेलं नव्हतं. मूळ विकसकांनी कारभाराचे निरनिराळे आराखडे मांडले, दुसऱ्या भाषांचे नि प्रकल्पांचे कारभार अभ्यासले, मतदान घेतलं, आणि २०१९ च्या सुरुवातीला पाच जणांचं निवडून आलेलं सुकाणू मंडळ कामाला लागलं. त्याच्या घटनेतल्या दोन कलमांचं मला मनापासून कौतुक आहे. एक म्हणजे पाचांपैकी दोनपेक्षा जास्त जण एकाच मालकाच्या नोकरीत असता कामा नयेत. कुणी नोकरी बदलली आणि आकडा वाढला तर राजीनामा द्यावा लागतो. दुसरं म्हणजे मंडळाला अधिकार जवळपास अमर्याद दिलेत, पण ते शक्य तितके कमी वापरावेत असंही तिथेच बजावलंय. शिवाय मूळ विकसकांना दोन-तृतीयांश मतांनी मंडळावर अविश्वास दाखवता येतो. पहिल्या मंडळात गीदो स्वतःही निवडून आले होते, पाचांतले एक म्हणून.

घटना लिहिली की भांडणं संपतात असं मात्र मी कुणाला सांगणार नाही. लिनक्सवर आधारलेली पूर्ण सिस्टिम बनवणाऱ्या डेबियन या प्रकल्पाकडे १९९८ पासून घटना आहे. दरवर्षी प्रकल्पप्रमुखाची निवडणूक होते, मतपत्रिकेवर ‘यांपैकी कुणीच नको’ हाही पर्याय असतो. तरी २०१४ मध्ये संगणक सुरू होताना बाकीच्या सेवांना उठवणारी प्रणाली कोणती घ्यायची यावर डेबियन उभं चिरलं. तांत्रिक समितीत चार विरुद्ध चार मतं पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी आलं. वर्षअखेर त्याच्याशी निगडित ठरावावर सगळ्या सदस्यांचं मतदान झालं, समितीतल्या काही जाणत्या लोकांनी जागा सोडल्या, काही जण बाहेर पडून देवुआन नावाचा वेगळा प्रकल्प काढून बसले. माणसं दुखावली गेली, मैत्री तुटल्या. पण आपण कुठे हरलो, किती मतांनी हरलो आणि कोणत्या युक्तिवादांपुढे हरलो हे प्रत्येकाला ठाऊक होतं. सगळा पत्रव्यवहार उघडा आहे, आजही वाचता येतो. डेबियन त्यातून टिकलं, आणि ते त्या कागदामुळे टिकलं असं माझं ठाम मत आहे. कागद नसता तर सिस्टमडी कुणी आणि कसं घुसवलं या संशयावरच पुढची दहा वर्षं गेली असती.

एवढ्यावर एक ठरलेलं उत्तर येतं: पटत नसेल तर फोर्क करा, म्हणजे कोडची प्रत घेऊन वेगळा प्रकल्प काढा. फोर्कचा हक्क मला प्राणप्रिय आहे. १९९७ मध्ये जीसीसी या कंपायलरचं (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमचं) काम इतकं रखडलं होतं की काही जणांनी ‘एग्झ’ नावाने वेगळी चूल मांडली, आणि १९९९ मध्ये तोच फोर्क अधिकृत जीसीसी झाला. २०१० मध्ये ओपनऑफिस ओरॅकलच्या ताब्यात गेल्यावर समुदायातले बरेच जण बाहेर पडले आणि लिब्रेऑफिस जन्माला आलं. २०१४ च्या अखेरीस सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडजेएसमधून आयओजेएस फुटलं, आणि पुढच्याच वर्षी दोघं पुन्हा एक झाले. पण हे साधलं कसं? बाहेर पडणारे एकटेदुकटे नव्हते. प्रकल्पाचा प्राण असलेली माणसं एकत्र बाहेर पडली. त्यांनाही जुनं नाव मागे सोडावं लागलं, सर्व्हर नव्याने उभे करावे लागले, वापरणाऱ्यांना पुन्हा पटवावं लागलं. आणि बाहेर पडल्यावर पहिलं काम काय केलं, तर कारभाराचे नियम लिहिले. दोन टिंबांचा बग सुधारणाऱ्या एकट्या माणसाला ‘फोर्क कर’ म्हणणं म्हणजे त्याला दार दाखवणं आहे. मला पुष्कळदा ते मेंटेनरच्या थकव्यातून आलेलं दिसतं, म्हणून मी त्यावर चिडत नाही. पण ते उत्तर नव्हे.

कंपन्यांच्या बाबतीत नकाराचा प्रश्न उलटा होतो. मालकाला ‘नाही’ कोण म्हणणार? इलॅस्टिकने २०२१ मध्ये, हॅशीकॉर्पने २०२३ मध्ये आणि रेडिसने २०२४ मध्ये आपापल्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरचं लायसन्स बदलून अधिक जाचक केलं. कारण त्यांनी सांगितलं, आणि ते पोकळ नव्हतं: मोठ्या क्लाउड कंपन्या आमचं काम फुकट घेतात आणि सेवा म्हणून विकतात. पण त्या कोडमध्ये बाहेरच्या अनेकांचे कष्ट मिसळलेले होते, आणि निर्णयात त्यांचा आवाज नव्हता. पहिल्या दोन ठिकाणी योगदान देताना लोकांनी ज्या करारावर सही केली होती, त्याने कंपनीला हा बदल करायची मोकळीक आधीच दिलेली होती. रेडिसचं मूळ लायसन्सच इतकं सैल होतं की त्याचीही गरज नव्हती. मग त्यांचे अनुक्रमे ओपनसर्च, ओपनटोफू, वाल्की असे फोर्क निघाले. पुढे इलॅस्टिक आणि रेडिस यांनी एजीपीएल हे ओपन सोर्स लायसन्स पुन्हा देऊ केलं, पण तोवर माणसं वाटली गेली होती.

कर्नलमध्ये हे होऊ शकत नाही. २००४ पासून तिथे प्रत्येक पॅचच्या तळाशी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी एक ओळ आणि पाठवणाऱ्याचं नाव असतं. त्याचा अर्थ इतकाच की हा कोड मी लिहिलाय किंवा मला तो या लायसन्सखाली द्यायचा हक्क आहे. मालकी कुणाच्याही नावावर होत नाही, ती हजारो हातांत पसरलेली राहते. मनात आणलं तरी टॉरव्हाल्ड्स यांना कर्नलचं लायसन्स एकट्याने बदलता यायचं नाही. म्हणून माझा सल्ला रोखठोक आहे: एकाच कंपनीला एकतर्फी लायसन्स बदलू देणाऱ्या करारावर सही करू नका. पगार तीच कंपनी देत असेल तर गोष्ट वेगळी. पण संध्याकाळचा स्वतःचा वेळ देणाऱ्याने त्या एका ओळीपलीकडे काही लिहून द्यायची गरज नाही.

आतापर्यंत मी मेंटेनरकडे सत्ता आहे असं धरून बोललो. असंख्य प्रकल्पांत तीही नसते. तिथे एक माणूस असतो, थकलेला, आणि ‘नाही’ म्हणायचं बळ त्याच्यात उरलेलं नसतं. एक्सझेड ही कॉम्प्रेशनची लायब्ररी जवळपास प्रत्येक लिनक्सवर असते. लासे कॉलिन ती वर्षानुवर्षं एकहाती सांभाळत होते. २०२१ मध्ये ‘जिया टॅन’ या नावाने कुणी तरी पॅच पाठवू लागलं. चांगले, उपयोगी पॅच. २०२२ मध्ये इतर काही नावांनी तगादा सुरू झाला: काम इतकं संथ का, दुसऱ्या कुणाला मेंटेनर का करत नाही. हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे हे लक्षात असू द्या, असं कॉलिन यांनी त्यांना लिहिलं होतं. हळूहळू टॅनकडे अधिकार गेले. २०२४ च्या फेब्रुवारीत ५.६.० ही आवृत्ती आली, तिच्यात चोरदरवाजा होता. त्याचे तुकडे टेस्टसाठी ठेवलेल्या, मुद्दाम बिघडवलेल्या वाटणाऱ्या फाइलींत दडवले होते, आणि त्यांना जागं करणारी स्क्रिप्ट रिपॉझिटरीत, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात, नव्हतीच, फक्त रिलीजच्या गठ्ठ्यात होती. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरच्या संगणकावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. ते त्याच्या मागे लागले आणि २९ मार्चला त्यांनी सगळं जगासमोर मांडलं. तोपर्यंत ती आवृत्ती बहुतेक लिनक्स वितरणांच्या (डेबियनसारख्या तयार सिस्टिमच्या) स्थिर आवृत्त्यांत पोचलेली नव्हती, म्हणून वाचलो.

यावर तपासण्या वाढवा, स्कॅनर लावा असं पुष्कळ बोललं गेलं. ते ठीकच आहे. मला मात्र तो २०२२ चा तगादा विसरता येत नाही. त्या दिवसांत कॉलिन यांच्या बाजूने ‘घाई कशाला, दुसरा मेंटेनर नेमायची ही रीत नव्हे’ असं म्हणणारं एक जरी अधिकाराचं माणूस असतं, आणि नवा मेंटेनर कसा नेमायचा हे आधीच कुठे लिहिलेलं असतं, तर तो दबाव त्या नियमावर येऊन थांबला असता, एका माणसाच्या छातीवर नाही. २०१४ मध्ये हार्टब्लीड ही सुरक्षेतली मोठी चूक बाहेर आली तेव्हा निम्म्या इंटरनेटचं कुलूप असलेल्या ओपनएसएसएलवर पूर्णवेळ काम करणारा एकच माणूस होता. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजच्या कंटाळलेल्या मेंटेनरने मदतीला आलेल्या अनोळखी माणसाच्या हाती किल्ल्या दिल्या आणि त्यातून बिटकॉइनची पाकिटं लुटायचा कोड आत आला. छोट्या प्रकल्पाला घटना कशाला, असं विचारणाऱ्यांनी या तिन्ही प्रकल्पांत सांभाळणारी माणसं किती होती ते बघावं.

मग कारभारात कुणाचा आवाज मोजायचा? बहुतेक ठिकाणी कमिटचा, म्हणजे थेट कोड बदलायचा, हक्क असलेल्यांचाच. मला हे अपुरं वाटतं. रोज आलेले इश्यू, म्हणजे तक्रारी नि सूचना, वाचून त्यातले दुहेरी वेगळे काढणारी, दस्तऐवज लिहिणारी, अनुवाद करणारी, नवख्यांच्या प्रश्नांना शंभराव्यांदा तितक्याच मायेने उत्तर देणारी माणसं एक ओळही कोड लिहीत नाहीत, पण सॉफ्टवेअर लोकांना कुठे बोचतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. डेबियनने २०१० मध्ये सर्वांच्या मताने ठरवलं की पॅकेज न बनवणाऱ्या योगदात्यांनाही पूर्ण सदस्यत्व, म्हणजे मताचा हक्क, द्यायचा. इतरांनी तसं करायला काय हरकत आहे, हे मला खरोखर समजत नाही. ‘तांत्रिक प्रश्न त्यांना कळणार नाहीत’ म्हणतात; पण मोठे वाद तांत्रिक कमी आणि कुणाची गैरसोय सोसायची याचे जास्त असतात.

एकट्या मेंटेनरला हे सगळं वाचून धडकी भरू नये. त्याला घटना समिती नेमायची नाही. अर्धं पान पुरे. ‘हा प्रकल्प मी एकटा चालवतो, शेवटचा शब्द माझा. नवी सोय हवी असेल तर कोड लिहिण्याआधी विचारा. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. त्यानंतरही आलं नाही तर मला जमलेलं नाही असं समजा. माझ्यानंतर किल्ल्या अमक्याकडे आहेत.’ याला मी उत्तम कारभार म्हणेन. पाठवणाऱ्याचीही एक बाजू आहे: मोठा बदल आधी न विचारता आणून टाकायचा आणि मग लवकर बघा म्हणून तगादा लावायचा, हे ज्याने टाळलं तो चांगल्या उत्तराचा हक्कदार होतो.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात बिकट आक्षेप आत्ताचा आहे. भाषिक मॉडेलकडून (चॅटजीपीटीसारख्या एआयकडून) पॅच लिहून घ्यायला आता मिनिटही लागत नाही. पाठवणाऱ्याने स्वतः न वाचलेल्या शंभर विनंत्या येत असतील तर प्रत्येकीला कारण द्यायचं बंधन मेंटेनरवर टाकणं ही क्रूरता नाही का? आहे. म्हणून प्रत्येकीला वेगळं कारण द्या असं मी म्हणत नाही. एकदाच द्या, सगळ्यांना मिळून, पण ठरवून आणि लिहून द्या. जेंटू या लिनक्स वितरणाच्या निवडून आलेल्या मंडळाने २०२४ च्या एप्रिलमध्ये अशी योगदानं घ्यायची नाहीत असा ठराव केला आणि कॉपीराइट, दर्जा आणि नैतिकता ही तीन कारणं नावानिशी मांडली. ती कारणं मला सगळीच्या सगळी पटतात असं नाही. दर्जाचं कारण तर बदल वाचूनही तपासता येतं, त्यासाठी सरसकट बंदी कशाला, असं मला वाटतं. पण असं वाटलं तर कुठे बोट ठेवायचं हे मला माहीत आहे. त्या ठरावातच पुढे म्हटलंय की ज्यात हे तीनही प्रश्न येत नाहीत असं साधन कुणी समोर आणलं, तर या निर्णयाचा फेरविचार करता येईल.